दोन सिलिंडरचं कॉम्प्रेसर हेड, घरात सिंगल फेज: मोटर किती एचपीची आणि कुठल्या प्रकारची घ्यावी?

इंदिरानगर_सुतारकाम

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये सुतारकामासाठी कॉम्प्रेसर उभा करायचा आहे. बेल्टवर चालणारं दोन सिलिंडरचं हेड (हवा दाबणारा पंप) आणि 100 लिटरची आडवी टाकी आहे. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली आहे. मोटर मात्र घ्यायची आहे. हेडवरची पाटी निघून गेल्यामुळे ते किती आरपीएमचं, किती एचपीचं, काहीच कळत नाही.

मोजमापं अशी: दोन्ही सिलिंडरचा बोअर 65 मिमी, स्ट्रोक 50 मिमी. हेडची पुली बाहेरून 300 मिमी, एकच खाच, बी सेक्शनचा बेल्ट बसतो. मीटरपासून शेड 25 मीटरवर, सध्या 2.5 स्क्वेअरची तांब्याची वायर ओढलेली आहे. व्होल्टेज दिवसा 225, संध्याकाळी सात-साडेसातला 205 पर्यंत उतरतं.

वापर म्हणाल तर ब्रॅड नेलर, ब्लो गन आणि अधूनमधून पीयू-लॅकरची फवारणी. कट-आउट (मोटर आपोआप थांबण्याचा दाब) 8 बारला ठेवायचा विचार आहे.

दुकानात एक जण 2 एचपी सांगतो, दुसरा 3. शिवाय 2880 आरपीएमची मोटर 1440 पेक्षा स्वस्त पडते. अंबड लिंक रोडला भंगारात 2 एचपीची थ्री फेज मोटर निम्म्या पैशांत मिळतेय. ती कंडेन्सर टाकून सिंगल फेजवर चालेल का?

सातपूर_मेंटेनन्स

भाऊ, बोअर-स्ट्रोक दिलात ते उत्तम केलं, अर्धं उत्तर त्यातच आहे. हेड किती हवा ओढणार ते आधी काढू, मग मोटर आपोआप ठरते.

65 बोअर म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ 33.2 चौरस सेंमी. गुणिले 5 सेंमी स्ट्रोक, 166 सीसी. दोन सिलिंडर मिळून 332 सीसी प्रत्येक फेऱ्याला. (दोन्ही बोअर सारखे आहेत म्हणून दोन्ही धरले. एक मोठा, एक लहान असता तर ते टू स्टेज हेड, आणि तिथे फक्त मोठा सिलिंडर धरायचा असतो.) या मापाची स्प्लॅश लुब्रिकेशनची (फिरताना खालचं तेल वर उडवून वंगण देणारी) हेड साधारण 700 ते 900 आरपीएमला चालवतात. पाटी नसताना वरच्या टोकाला जाऊ नका. 730 धरू.

332 गुणिले 730 म्हणजे मिनिटाला 242 लिटर, 8.5 सीएफएम (मिनिटाला घनफूट). हे झालं डिस्प्लेसमेंट. क्लिअरन्समध्ये अडकलेली हवा, गरम हेड, व्हॉल्व्हची गळती हे सगळं वजा जाता 8 बारला हातात 70 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे 6 सीएफएम. छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरला 7-8 बारला एका एचपीमागे 3 ते साडेतीन सीएफएम मिळतात. 6 भागिले साडेतीन केलं की 1.7 येतात. म्हणून 2 एचपी.

आता 3 एचपी लावली तर काय होईल? पुली तीच ठेवली तर हवा एक थेंबसुद्धा जास्त मिळणार नाही. हवा आरपीएमवर ठरते, मोटरच्या एचपीवर नाही. आणि 3 एचपी वसूल करायला मोठी पुली लावून हेड 1100-1200 वर पळवलंत तर व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात, डिलिव्हरी पाइप तापून तेल जळतं आणि तो कार्बन एनआरव्हीत (हवा उलटी येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) जाऊन बसतो. सिंगल फेजवर 3 एचपीचा स्टार्टिंग करंट तुमच्या 25 मीटर वायरला झेपणार नाही, ते वेगळंच.

पुलीचा हिशोब: मोटरचा आरपीएम गुणिले मोटरची पुली, भागिले हेडची पुली. 1440 × 152 ÷ 300 = 730. म्हणजे 6 इंची पुली. साडेसहा इंचीला 792 येतात, सातला 854. सहावर सुरू करा.

2880 ची स्वस्त मोटर इथेच नापास होते. 730 आरपीएम काढायला तिला 3 इंची पुली लागेल, आणि बी सेक्शनच्या बेल्टला 125 मिमीपेक्षा लहान पुली चालत नाही. बेल्ट एवढ्या छोट्या गोलाईत वाकला की आतून चिरतो, शिवाय पुलीला त्याचा विळखा कमी बसतो, म्हणून सुरू होताना घसरतो. मग माणूस बेल्ट आवळतो आणि मोटरचं पुढचं बेअरिंग जातं. ए सेक्शनचा बेल्ट हेडच्या बी खाचेत टाकायचा विचारही नको. तो खाचेच्या तळाला टेकतो आणि बाजूंची पकड जाते. चार पोलची, 1440 चीच घ्या.

पुली लावली की क्लॅम्प मीटर घेऊन टाकी 8 बारपर्यंत भरू द्या आणि कट-आउट व्हायच्या जरा आधी करंट बघा. पाटीवरच्या आकड्याच्या आत असला तर झालं. वर गेला तर पुली अर्ध्या इंचाने कमी करा. बरेच जण टाकी रिकामी असतानाच करंट बघतात. तेव्हा तो कमीच दिसतो.

वाइंडर_नाशिकरोड

एचपीचं वर झालंच. सिंगल फेजमध्ये एचपीइतकाच मोटरचा प्रकार महत्त्वाचा आहे, आणि दुकानात नेमकं तेच कोणी विचारत नाही.

सिंगल फेज मोटरला स्वतःहून फिरायला सुरुवात करता येत नाही, त्यासाठी वेगळी स्टार्टिंग वाइंडिंग आणि कंडेन्सर असतो. फक्त रन कंडेन्सर असलेल्या मोटरचा सुरुवातीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) फुल लोडच्या निम्म्याच्या आसपास असतो. पंख्याला, ब्लोअरला ती छान. कॉम्प्रेसरवर ती घूं घूं करत उभी राहील. तुम्हाला कपॅसिटर स्टार्ट-कपॅसिटर रन हवी, पाटीवर सीएससीआर असं लिहिलेलं असतं. अंगावर दोन कंडेन्सर आणि आत सेंट्रिफ्यूगल स्विच. सुरुवातीचा टॉर्क दोन ते अडीच पट मिळतो, आणि चालू असताना रन कंडेन्सरमुळे करंट कमी, मोटर थंड. नुसती कपॅसिटर स्टार्ट मोटर सुरू तितकीच जोरात होते, पण चालताना करंट जास्त घेते. बजेटच कमी असेल तरच ती.

स्टार्टचा कंडेन्सर म्हणजे काळ्या बॅकेलाइटचा गोल डबा, 2 एचपीला 100 ते 200 मायक्रोफॅराडमधला काहीतरी. तो दोन-तीन सेकंदांसाठीच बनवलेला असतो. सेंट्रिफ्यूगल स्विचचे पॉइंट चिकटले तर तो लाइनमध्येच राहतो आणि फुगून फुटतो. म्हणून कंडेन्सर फुटला की नवा टाकून मोकळं होऊ नका, मागचं कव्हर उघडून स्विच बघा. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर मारा, खड्डे पडले असतील तर स्विचच बदला. "मोठा कंडेन्सर टाका, मोटर लगेच उचलेल" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. जास्त मायक्रोफॅराडने स्टार्टिंग वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि पॉइंट आणखी लवकर जळतात. पाटीवर जो आकडा तोच. आणि हात लावायच्या आधी लाइन काढून कंडेन्सर 230 व्होल्टच्या साध्या पिवळ्या बल्बमधून डिस्चार्ज करा, स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

नवी घेताना पाटीवर हे बघा: एस-1 ड्यूटी (अखंड चालण्याचं रेटिंग), इन्सुलेशन क्लास एफ, आयएस 996, आणि बंद बॉडीची बाहेरून पंखा असलेली. उघड्या जाळीची मोटर सुतारकामात महिन्याभरात भुशाने भरते. बंद मोटरच्याही फॅन कव्हरवर भुसा साचतो, तो आठवड्याला झटकायचाच. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहे, मोटरचं रेटिंग 1000 मीटरपर्यंत आणि 40 अंशांपर्यंत धरलेलं असतं, त्यामुळे उंचीची काळजी नको. पत्र्याच्या शेडची करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी आत 40 सहज ओलांडतं, तेव्हा मोटर भिंतीपासून निदान एक फूट सोडून ठेवा.

रिवाइंड केलेली जुनी मोटर वाईटच असते असं नाही, पण जुनी वाइंडिंग काढताना गॅसची ज्योत थेट स्टँपिंगवर (आतल्या लोखंडी पत्र्यांवर) मारली असेल तर लोखंड खराब होतं आणि मोटर बिनलोडची पण तापते. घेण्याआधी अर्धा तास रिकामी चालवून हात लावून बघा. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) बॉडीशी 2 मेगओहमच्या वर हवं, चांगली मोटर त्याच्या कितीतरी पुढे दाखवते. रिकाम्या सिंगल फेज मोटरचा करंट फुल लोडच्या निम्म्याहून जास्त असू शकतो, तो बघून दचकू नका.

थ्री फेज मोटरला कंडेन्सर टाकून सिंगल फेजवर चालवणं: फिरेल, पण सुरुवातीचा टॉर्क फार पडतो आणि ताकद एक तृतीयांश तरी जाते. कॉम्प्रेसरला नाही म्हणजे नाही.

अंबड_पॅनल

वाइंडरदादांशी सहमत, फक्त त्या थ्री फेज मोटरसाठी एक चांगला रस्ता आहे: व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटर चालवणारा ड्राइव्ह. 1.5 किलोवॅटचा, 230 व्होल्ट सिंगल फेज आत, 230 व्होल्ट थ्री फेज बाहेर. आपल्याकडे 3 एचपीपर्यंतच्या थ्री फेज मोटर बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं बाहेर आली असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करा, ती 240 व्होल्टची होते. तीनच टोकं असतील तर स्टारचा जोड आत दडलेला आहे, वाइंडरकडून बाहेर काढून घ्यावा लागेल. डेल्टामध्ये 2 एचपीला 6 अँपिअरच्या आसपास लागतात, 1.5 किलोवॅटचा व्हीएफडी तेवढे आरामात देतो.

फायदा असा की सुरू होताना 60 अँपिअरचा झटकाच नाही. कंडेन्सर नाही, सेंट्रिफ्यूगल स्विच नाही. पण प्रेशर स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मधे कधीही घालू नका, चालू लोड तुटला की व्हीएफडीचं आउटपुट जाऊ शकतं. प्रेशर स्विचची वायर व्हीएफडीच्या रन टर्मिनलला द्या. किमान फ्रिक्वेन्सी 30-35 हर्ट्झच्या खाली ठेवू नका, हेड हळू फिरलं तर तेल वर उडत नाही. आणि व्हीएफडी भुशापासून लांब, बंद पेटीत. या सगळ्यासकट किंमत नव्या सीएससीआर मोटरच्या वर जाते, तेव्हा भंगारातली मोटर खरंच चांगली असेल तरच हा घाट घाला.

आता वायर. हा तुमचा खरा अडथळा आहे. 2 एचपी सिंगल फेज चालताना 10-11 अँपिअर घेते, सुरू होताना सुमारे 60. 2.5 स्क्वेअरचा रोध किलोमीटरला 7.4 ओहम, जाऊन-येऊन 50 मीटर, म्हणजे 0.37 ओहम. 60 अँपिअरला 22 व्होल्ट वाटेतच गेले. संध्याकाळचे 205 असतील तर मोटरपाशी 183. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो: 183 भागिले 230, त्याचा वर्ग 0.63. म्हणजे अडीच पटीचा टॉर्क दीड पटीवर आला. 4 स्क्वेअर ओढलीत तर वाटेतले 22 चे 14 होतात. 4 स्क्वेअर, सी कर्व्हची 20 अँपिअरची एमसीबी आणि वेगळं अर्थिंग. बी कर्व्हची एमसीबी तीन ते पाच पटीला तुटते, सुरू होतानाच पडेल.

205 हे मुळातच कमी आहे. 230 च्या 6 टक्के खाली म्हणजे 216, त्याखाली महावितरणकडे तक्रार नोंदवता येते. त्याआधी मीटरजवळचे आणि मेन स्विचचे जोड, विशेषतः न्यूट्रलचा, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ढिला न्यूट्रल लोडवर नेमकं असंच दाखवतो.

प्रेशर स्विचने मोटर थेट चालू-बंद करू नका. डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) लावा, प्रेशर स्विच फक्त त्याच्या कॉइलला. ओव्हरलोड रिले पाटीवरच्या करंटला. रिले तीन पोलचा असतो, सिंगल फेजला फेजची वायर तिन्ही पोलमधून ओळीने फिरवून घ्या. दोनच पोल वापरले तर काही रिले त्याला फेज गेली समजून उगाच ट्रिप होतात.

इंदिरानगर_सुतारकाम

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. नवी 2 एचपी सीएससीआर, 1440, 6 इंची पुली आणि 4 स्क्वेअर वायर असं ठरवतो. दोन शंका राहिल्या. 100 लिटरची टाकी या मोटरला पुरेल का, की सारखी चालू-बंद होईल? आणि प्रेशर स्विच जुनाच वापरू का? त्याला बाजूला एक बारीक नळी जोडायची जागा आहे, ती कशाची?

सातपूर_मेंटेनन्स

ती बारीक नळी अनलोडरची. कॉम्प्रेसरवरच्या बऱ्याच मोटर तिच्यामुळे वाचतात किंवा जळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकी 8 बारला भरून मोटर थांबते तेव्हा हेडपासून टाकीपर्यंतच्या तांब्याच्या पाइपमध्येही 8 बार अडकलेले असतात. पुढच्या वेळी मोटरने सुरू व्हायचं ते पिस्टनवर तो दाब घेऊन. दीड-दोन पट टॉर्कची मोटर तिथे अडते, बेल्ट किंचाळतो, कंडेन्सर लाइनमध्येच राहतो आणि ओव्हरलोड पडतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी एनआरव्ही असतो, त्याच्या कडेला 6 मिमीच्या नळीचा जोड, आणि ती नळी प्रेशर स्विचखालच्या छोट्या व्हॉल्व्हला. स्विच कट झाला की तो व्हॉल्व्ह उघडतो आणि फक्त पाइपमधली हवा सोडतो. दोन-तीन सेकंद फुस्स आवाज येऊन थांबला पाहिजे.

आवाजच आला नाही तर नळी तुंबलीय किंवा अनलोडर अडकलाय. फुस्स थांबतच नसेल तर एनआरव्ही गळतोय, टाकीतली हवा उलटी येतेय. बहुतेकदा आतल्या चकतीवर कार्बनचा कण असतो. टाकीतला दाब पूर्ण सोडून खोला, रॉकेलने धुवा, चकतीवर चर पडला असेल तर चकती बदला. जुना प्रेशर स्विच अनलोडरसकट असेल आणि पॉइंट स्वच्छ असतील तर वापरा, आता तो फक्त कॉइलच चालवणार आहे.

पुढे कधी मोटर अडली तर शोध असा घ्या. टाकी शून्यावर आणून सुरू करा. उचलली तर दोष अनलोडर-एनआरव्हीचा किंवा व्होल्टेजचा. शून्यावरही अडली तर लाइन काढून बेल्ट काढा आणि मोटर पुन्हा सुरू करा. बेल्टशिवायही घूं घूं करत असेल तर कंडेन्सर किंवा सेंट्रिफ्यूगल स्विच. बेल्टशिवाय छान फिरली तर हेड हाताने फिरवून बघा, जड लागत असेल तर दोष हेडचा.

टाकीचं गणित: 6 ते 8 बारच्या मधे 100 लिटरमध्ये 200 लिटर मोकळी हवा साठते. हेड देतं मिनिटाला 170 लिटर. सगळ्यात जास्त चालू-बंद कधी होतं, तर वापर बरोबर निम्मा असताना: 85 लिटर वापर, 85 साठतात, भरायला 141 सेकंद, रिकामी व्हायलाही 141. तासाला जवळपास 13 वेळा सुरू. कट-इन (मोटर पुन्हा सुरू होण्याचा दाब) 5.5 बारवर आणलात तर 10 वर येतं. सीएससीआर मोटरला 10 पर्यंत ठीक, त्यापुढे स्टार्ट कंडेन्सर थंड व्हायला वेळ मिळत नाही. 5.5 वर ठेवा. नेलर आणि गनला रेग्युलेटरनंतर तेवढं पुरून उरतं.

फवारणीचं मात्र आधीच बघून ठेवा. साधी ग्रॅव्हिटी गन 5 ते 7 सीएफएम मागते, म्हणजे कॉम्प्रेसर जवळपास अखंड चालेल. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन 10 च्या पुढे जाते, ती या हेडवर घेऊ नका. लॅकरच्या वाफा पेट घेतात, तेव्हा फवारणीची जागा मोटर आणि स्टार्टरपासून लांब ठेवा, लांब होज ओढा.

सेफ्टी व्हॉल्व्ह कट-आउटच्या थोडा वर, आणि टाकीच्या चाचणीच्या कागदावर लिहिलेल्या वर्किंग प्रेशरच्या आत. अधूनमधून कडी ओढून सुटतो का बघा. रोज काम संपलं की खालचा ड्रेन उघडायचा.

इंदिरानगर_सुतारकाम

सर, बेल्टचा नंबर आणि फिरण्याची दिशा?

सातपूर_मेंटेनन्स

दोन शाफ्टमधलं अंतर 450 मिमी ठेवलंत तर बी-61 किंवा बी-62. मोटरच्या पायाला 40-50 मिमी सरकायची लांब खाच ठेवा म्हणजे कुठलाही बसेल. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 8 ते 10 मिमी जावा. दोन्ही पुलींच्या तोंडाला सरळपट्टी लावून एका रेषेत आणा.

दिशा हेडच्या पुलीवरच्या बाणाप्रमाणे. बाण नसेल तर आरे बघा, पंख्याची हवा सिलिंडरवर गेली पाहिजे, उलटी नाही. उलटी फिरली तर टर्मिनल बॉक्समध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करा, फेज-न्यूट्रल उलटवून काही होत नाही.

तेल कॉम्प्रेसरचंच, आयएसओ व्हीजी 100. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, निफाड पट्ट्यात तर जास्तच, पहाटे तेल घट्ट होतं आणि मोटर जड उचलते. तेव्हा व्हीजी 68 टाका, नाहीतर सकाळी टाकीचा ड्रेन उघडा ठेवून मिनिटभर बिनदाबाची चालवा आणि मग ड्रेन बंद करा.

वाइंडर_नाशिकरोड

एकच जोडतो. 6 इंची पुली घेताना भोक मोटर आल्यावरच पाडून घ्या. 90 फ्रेमच्या मोटरचा शाफ्ट 24 मिमी आणि 8 मिमीची चावी असते, 100 फ्रेमचा 28. सिंगल फेज 2 एचपी दोन्ही फ्रेममध्ये येते. पुली शाफ्टवर हातोडीने ठोकू नका, पुढच्या बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे पडतात. भोक नीट मापाचं करून हाताने सरकवायची आणि ग्रब स्क्रू चावीवर आवळायचा.